वहीतला गोलातला दोन

मुकादमाची वही निळ्या पुठ्ठ्याची, लांबट, किराण्याच्या दुकानात उधारीला वापरतात तशी. डावीकडे नावं, पुढे तारखांची घरं. त्यातल्या एका नावापुढे रोजच्या घरात गोलात २ लिहिलेला. नाव नवऱ्याचं. त्या दोनातली एक ती, त्याची बायको, विटा वाहणारी भिल्ल मजूर. १० नोव्हेंबर २०२२ ते २७ फेब्रुवारी २०२३ या काळात बडोद्याच्या दांडिया बाजारात, आमचा वाडा पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर तिने जे काम केलं त्याची लेखी नोंद एवढीच.

मी समाजशास्त्र शिकवते आणि शहरात मजुरीला येणाऱ्या आदिवासी बायकांवर काम करते. म्हणजे मजूर कामासाठी उभे राहतात त्या कडियानाक्यावर, स्टेशनात, साइटवर जाऊन बसते आणि लोकांना कंटाळा येईपर्यंत प्रश्न विचारते. हे प्रकरण शोधायला मात्र कुठे जावं लागलं नाही. चार चुलत घरांत वाटणी होऊन वाडा बिल्डरकडे गेला, आणि आमची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या पुण्याला मुलाकडे जायचं नाकारून समोरच्याच बोळात पहिल्या मजल्यावर भाड्याने राहिली. “बांधा, पण माझ्या डोळ्यांदेखत बांधा,” असं तिने बिल्डरला सांगितलं होतं. रोज चारला ती साइटवरच्या माणसांना चहा पाठवायची आणि दुधाचा हिशेब चुकू नये म्हणून कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात कपांचा आकडा लिहायची. हा आकडा पुढे लागणार आहे.

बाईचं नाव, गाव, फळिया (गावातली वस्ती) मी देत नाही. जन्म कवांट तालुक्यातला, म्हणजे गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यातला. दिलेली पलीकडे मध्य प्रदेशात, अलिराजपूर जिल्ह्यात. समाज भिल्ल. माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक डोंगर आणि राज्याची सीमा, पण डोंगराला सीमा माहीत नाही आणि सोयरिकींनाही नाही. जिल्हे दोन्ही नवे. छोटा उदेपूर २०१३ मध्ये बडोदा जिल्ह्यातून वेगळा झाला, अलिराजपूर २००८ मध्ये झाबुआतून. २०११ च्या जनगणनेत अलिराजपूरची साक्षरता ३६ टक्क्यांच्या आसपास, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत तळाला. तिची सही अंगठ्याची. पण हिशेब तिच्याइतका पक्का मी फार कमी लोकांचा पाहिला आहे, त्यात आमचा वाटणीचा वकीलही धरला.

पहिल्या दिवशी मी माझा फॉर्म काढला. ‘येण्याचं कारण’ या रकान्यात मी लिहिलं: नवऱ्यासोबत. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, नवरा शेजारी उभा होता आणि तोच बोलत होता म्हणून. ही चूक माझ्या एकटीची असती तर बरं झालं असतं. २००७-०८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या स्थलांतरित स्त्रियांपैकी ९१ टक्के ‘विवाह’ या कारणाखाली मोजल्या गेल्या. माझी आजी साताऱ्याहून लग्न होऊन बडोद्यात आली, तीही याच रकान्यातली, आणि दांडिया बाजारातल्या निम्म्या मराठी सासवा-सुनाही. आजीपुरतं ते खरं होतं. या बाईच्या बाबतीत मात्र गंमत होते. कवांटहून डोंगर ओलांडून सासरी गेली ते मोजमापात आंतरराज्य स्थलांतर. आणि दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, मग होळीनंतर ते पावसाच्या तोंडापर्यंत ती गेली अकरा वर्षं बडोद्यात विटा वाहते आहे, ते धड कुठेच बसत नाही, कारण ‘नेहमीचा मुक्काम’ बदलायला सहा महिने एका जागी राहावं लागतं आणि ती होळीला घरी जाते. त्या सर्वेक्षणात एक महिन्याहून जास्त आणि सहा महिन्यांहून कमी अशा हंगामी मजुरीचा वेगळा प्रश्न होता खरा. पण गावात प्रगणक आला तर उत्तर कोण देणार? जो घरी असेल तो. आणि त्यालाही सुनेची मजुरी ‘मजुरी’ वाटली पाहिजे.

हा सगळा पट्टा बडोद्याकडे वाहत येतो. छोटा उदेपूर इथून शंभरेक किलोमीटर. डभोईची छोटी रेल्वे गायकवाडांची, १८६२ मध्ये बैलांनी ओढलेली. तो मार्ग पुढे रुंद झाला, २०१९ मध्ये अलिराजपूरपर्यंत पोचला आणि तेव्हापासून प्रतापनगर स्टेशनवर मक्याची पोती, डबे, पोरं आणि झोळ्या उतरतात. पोती का, हे मला आधी कळत नव्हतं. रेशनकार्ड आता देशात कुठेही चालतं, मग ओझं कशाला? तिने सांगितलं, कार्ड चालतं, पण दुकानात गहू-तांदूळ मिळतो, मका मिळत नाही. दिवसभर घमेली वाहून चपातीवर पोट भरत नाही.

सासरचे लोक पूर्वी गोध्रा-बालासिनोरकडे दगडाच्या कारखान्यांत जायचे. गारगोटी दळून तिची पूड करायचं काम. पैसा रोख आणि चांगला. मग खोकला आला, माणसं वाळत गेली, क्षय समजून औषधं झाली. तो सिलिकोसिस होता. अलिराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतली शेकडो माणसं त्यात गेली, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. तिचा थोरला दीर त्या कारखान्यांतूनच आलेल्या खोकल्याने गेला. म्हणून हे घर बांधकामाकडे वळलं. सिमेंटही फुफ्फुसात जातंच, हे मी म्हटल्यावर ती म्हणाली, “जातं. पण हळू जातं.”

शहर तिच्यासाठी किती मोठं होतं? मी एकदा तिच्याबरोबर चालून पाहिलं. प्रतापनगर स्टेशन, साइट, संध्याकाळी उशिरा खंडेराव मार्केट, जेव्हा विक्रेते उरलेली वांगी-कोबी ढीग लावून देतात. मंगळ बाजार वर्षातून एकदा, होळीच्या खरेदीला. सूरसागरातली महादेवाची उंच मूर्ती दिसली की घर जवळ आलं. लक्ष्मी विलास राजवाडा तिने बसमधून पाहिला होता, तिला तो दवाखाना वाटला होता. पहाटे चारला अंघोळ, कारण त्यानंतर बोळात माणसं दिसू लागतात. तळमजल्याला भिंती नव्हत्या, तिथेच दोन खांबांच्या मध्ये साडीची झोळी, त्यात नऊ महिन्यांची मुलगी. मोठा मुलगा सात वर्षांचा, गावी आजीकडे. शाळेसाठी ठेवला असं नवरा म्हणाला. शेळ्यांसाठी ठेवला असं ती म्हणाली.

आता मुकादम. तो परका नव्हता, नवऱ्याचा चुलतभाऊ, त्याच फळियातला. बाहेरून पाहणाऱ्याला मुकादम म्हणजे शोषक दलाल वाटतो आणि गावातून पाहणाऱ्याला अडीनडीला धावणारा भाऊ. दोन्ही एकाच माणसात असतात, हीच त्यातली मेख. डेव्हिड मोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचमहाल, झाबुआ आणि बांसवाडा भागातल्या भिल्ल गावांत केलेल्या अभ्यासात हेच दिसतं: टोळी नात्यागोत्याची, काम त्या नात्यावरून मिळतं, आणि कर्जही त्याच नात्यातून अंगावर येतं. रीत ठरलेली. दिवाळीला उचल. दर रविवारी खर्ची, म्हणजे मिठा-मिरचीपुरते पैसे. आणि होळीच्या आधी हिसाब. मधल्या चार महिन्यांत मजुरी मुकादमाकडे साठत राहते. बिल्डर ठेकेदाराला देतो, ठेकेदार मुकादमाला, मुकादम जोडीला. ‘जोडी’ हा शब्द नीट ऐकावा. भाव माणसाचा ठरत नाही, जोडीचा ठरतो. या साइटवर जोडीचे रोजचे ८०० होते. फोडून विचारलं तर गड्याचे ४५० आणि बाईचे ३५०. काम फोडून पाहिलं तर ती दिवसभर विटा, रेती, पाणी आणि कालवलेला माल तिसऱ्या मजल्यापर्यंत नेत होती आणि तो गवंड्याच्या हाताखाली एका जागी उभा होता. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच आला. त्याला पळवाट सोपी सापडली, बाईचं काम वेगळं म्हणायचं.

प्रकरण सुरू झालं जानेवारीत. गावी सासऱ्याचा पाय मोडला, शेतात हरभरा उभा, पाणी द्यायला कुणी नाही. नवरा २ तारखेला गेला आणि २८ नंतरच परतला. ती राहिली, कारण दोघं गेली तर जोडीची जागा दुसऱ्याला मिळाली असती. त्या काळात रविवार आणि १४ तारखेची उत्तरायणाची सुट्टी सोडली तर २३ दिवस काम झालं. ती २३ दिवस कामावर होती. मुकादमाच्या वहीत मात्र गोलातला २ थांबला आणि तिथे कधी १, कधी रिकामं घर. असे १ चे आकडे फक्त १३.

हिसाब २७ फेब्रुवारीला, सोमवारी संध्याकाळी झाला, कारण १ मार्चपासून भगोरिया हाट, म्हणजे होळीआधीचे आदिवासी जत्रा-बाजार, सुरू होणार होते आणि वालपूरचा हाट चुकवायला कुणी तयार नव्हतं. तळमजल्यावर बल्बखाली सगळे बसले. जोडीचे ६९ दिवस, त्यावर वाद नाही: ५५,२००. खर्ची एकंदर २२,०००. दिवाळीची उचल २०,०००. मुकादमाने तिचे १३ दिवस धरून हातात १७,७५० काढले आणि नोटा नवऱ्यासमोर ठेवल्या. नवऱ्याने हात पुढे केला तेव्हा ती मागून म्हणाली, “माझे तेवीस.”

मग तिने ते दिवस म्हणून दाखवले. तारखांनी नाही, कामाने. दोन दिवस जिन्याच्या विटा. पुढचा दिवस रेतीची गाडी. तीन दिवस दुसऱ्या मजल्याच्या मागच्या भिंती. ज्या दिवशी मुलीला ताप होता त्या दिवशी ती झोळी वर घेऊन गेली होती, पण कामावर होती. स्लॅब भरला तो दिवस, रात्री दहापर्यंत, त्याचा तर दीड धरायला हवा. पतंगाच्या सुट्टीनंतर तारांत अडकलेले मांजे काढायला मुकादमाने तिलाच लावलं होतं, ते तो विसरला का? कुणीतरी हसलं. मुकादम म्हणाला, बाईमाणसाला काय आठवतं, वहीत आहे तेच खरं.

इथे आत्या मध्ये पडली. तिला खरं तर चहाची भांडी परत हवी होती, म्हणून ती खाली आली होती. प्रकार कळल्यावर ती वर गेली आणि जानेवारीचं पान घेऊन आली. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रोज १४ कप. २ जानेवारीपासून २८ पर्यंत १३. रविवार कोरे, उत्तरायणाच्या चौकोनात ‘सुट्टी, चहा नाही’. ३० जानेवारीला पुन्हा १४. आत्याचं म्हणणं सरळ होतं: एक माणूस गेला तर एक कप कमी झाला, दोन गेली असती तर १२ लिहिलं असतं. मुकादम चतुर होता. म्हणाला, “बा, चहा तर काम न करणारेही पितात.” आत्या म्हणाली, “माझा नाही पीत. बिनकामाच्या माणसाला चहा द्यायला मी काय लग्नघर काढलंय?” हे तिने मराठीतच म्हटलं आणि सगळ्यांना बरोबर कळलं.

तरीही कपांनी हा वाद मिटला नसता. त्यातून हजेरी दिसते, कामाचा भाव दिसत नाही, आणि मुकादमाला कालनिर्णयचं भय कशाला असेल? फिरलं ते तिचा भाऊ आल्यावर. तो मकरपुऱ्याकडे दुसऱ्या साइटवर होता, बहिणीला गाडीत बसवून द्यायला आला होता. माहेरचा माणूस. त्याने वही मागितली नाही, आकडा विचारला नाही. बिडी पेटवली, मुकादमाच्या बापाची खुशाली विचारली, आणि बोलता बोलता म्हणाला की बहिणीला थकवा आलेला दिसतो, होळीनंतर काही दिवस कवांटला राहील म्हणतो. एवढंच. बैठक गप्प झाली. ज्या समाजात मुलीसाठी वरपक्षाकडून दापा, म्हणजे वधूमूल्य, घेतला जातो, तिथे मुलगी माहेरी जाऊन बसली तर प्रश्न नुसता नवरा-बायकोचा उरत नाही. दोन्हीकडचे पंच बसतात, जुने आकडे उघडतात, आणि मुकादमाचं नाव त्यात आलं असतं. टोळी नात्यावर चालते म्हटलं, ती नात्याला घाबरते ती अशी.

तडजोड २० दिवसांवर झाली. ती २३ वर अडून बसली होती, भावानेच तिला डोळ्यांनी थांबवलं. वीस दिवसांचे ७,००० आणि तेही तिच्या हातात, उचलीत न वळवता. उरलेले १३,२०० नवऱ्याकडे. उचल त्याच्या धाकट्या भावाच्या लग्नासाठी काढलेली होती, तेव्हा ती तुझ्या हिश्शातून जाऊ दे, हे तिने नवऱ्याला सगळ्यांसमोर सांगितलं आणि त्याने मान डोलावली. त्याच्या मनात काय होतं मला माहीत नाही. तो वाईट माणूस नव्हता, त्याची सवय होती ती.

त्या सात हजारांचं काय झालं, हे तिने मला दुसऱ्या दिवशी स्टेशनवर सांगितलं. दिवाळीला निघताना तिने आपली चांदीची हासडी कवांटच्या सोनाराकडे ५,००० वर ठेवली होती, शेकडा ३ महिना. चार महिन्यांचे ६०० धरून ५,६०० भरले की हासडी गळ्यात, आणि ती गळ्यात नसेल तर भगोरियाला जायचं कशाला? आदिवासी दागिन्यांवर आपल्याकडे सुंदर छायाचित्रांचे संग्रह निघतात. त्यात वजन लिहिलेलं असतं, व्याज लिहिलेलं नसतं. हासडी तिची एकटीची आहे, नवऱ्याला विचारल्याशिवाय ती ठेवते आणि सोडवते. अकरा वर्षांत ती सहा वेळा सोनाराकडे जाऊन आली आहे.

एक बाजू राहिली, सरकारी. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा होता, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर त्यासाठीच जमा व्हायचा. मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केलेलं दाखवलं की बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी, त्यातून बाळंतपणाची मदत, मुलांची शिष्यवृत्ती, अपघाताची भरपाई. गुजरातमध्ये त्याचं ई-निर्माण कार्ड निघतं. मी आकडे मांडले तेव्हा हसू आलं. सुट्ट्या आणि ५ डिसेंबरच्या मतदानाचा बंद वगळून या साइटवर तिचे भरले ९२ दिवस, नवऱ्याचे ६९. एकट्या या साइटवर पात्र ठरली असती ती. दाखला मात्र ठेकेदाराने नवऱ्याच्या नावाचा तयार ठेवला होता, वहीत नाव त्याचं म्हणून. मी तिच्यासाठीही मागितला. ठेकेदार म्हणाला, जोडी एकच आहे, दोन दाखले कसे देऊ? तिथे आत्याचा कालनिर्णय चालला नाही आणि तिचा भाऊही. फॉर्म माझ्याकडेच राहिला.

या प्रकरणाआधी वर्गात मी शिकवत असे की शहर माणसाला नात्याच्या जाळ्यातून सोडवून एकटा माणूस म्हणून उभं करतं, मजुरी हे त्याचं पहिलं साधन. इथे उलट घडलं. शहराच्या वहीने तिला नवऱ्यात विरघळवलं, आणि ‘तुझे’ आणि ‘माझे’ दिवस वेगळे करून दिले ते माहेरच्या नात्याने. यावरून गाव बरं असं मी म्हणत नाही. दाप्याचं बळ तिच्या बाजूने त्या संध्याकाळी उभं राहिलं, पण एरवी त्याच दाप्याच्या जोरावर सासरी ‘पैसे मोजलेत’ हे तिने ऐकलेलं आहे. आणि वीस हजारांची उचल कशासाठी होती ते विसरता येत नाही. धाकट्या दिराच्या बायकोचा दापा. तीही पुढच्या दिवाळीनंतर कुठल्यातरी वहीत गोलातली दुसरी होणार, आणि ती तिथे आणली जाईल ती या बाईच्या घमेल्यांच्या पैशावर. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. तिला ते माझ्याआधी कळलेलं असणार.

माझं तिथलं वागणं कितपत योग्य होतं, यावर सहकाऱ्यांत वाद झाला. घरमालकाची मुलगी, वर संशोधक, वर आत्या पंचायतीत. ज्या साइटवर आपला स्वार्थ गुंतला आहे तिथे निरीक्षण करू नये असं एकाचं मत. मला ते पटतं. पण त्या संध्याकाळी मी उठून गेले असते तर कालनिर्णय वरच राहिला असता असं नाही, आत्या भांडी न्यायला आलीच असती.

होळीनंतर १५ मार्चच्या सुमाराला टोळी परतली. कालनिर्णयवर तेव्हापासून १२ कप. एप्रिलमध्ये नवऱ्याच्या फोनवरून तिचा फोन आला, राजकोटकडच्या साइटवरून. मुकादम तिथला अनोळखी, दुसऱ्या तालुक्यातला. वहीत नाव कुणाचं, मी विचारलं. नवऱ्याचंच, ती म्हणाली, पण रविवारची खर्ची आता तिच्या हातात येते. मग तिने विचारलं की तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघराला आम्ही कुठल्या रंगाच्या फरशा बसवल्या, कारण त्याच्या विटा तिने नेल्या होत्या आणि फरशी लागायच्या आत ती निघाली होती.